हेमलकशाचा थेरपिस्ट कोण?

व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी नावाची एक प्रश्नावली आहे. एकूण प्रश्न ८९. तान्हेपणापासून सुरुवात होते आणि पंधराव्या वर्षापर्यंत जाते. मूल समोर नसलं तरी चालतं, आईला विचारायचं. पेल्यातून स्वतः पितं का? शाळेत एकटं जातं का? पत्र लिहितं का? टेलिफोन करतं का? उत्तरांची बेरीज करून तक्त्यात पाहिली की मुलाचं 'सामाजिक वय' निघतं आणि मूल मागे आहे का, किती मागे आहे, हे कागदावर येतं. मूळ श्रेणी अमेरिकेतल्या एडगर डॉल यांची. तिला भारतीय रूप दिलं आमच्या नागपुरातल्या फादर मालिन यांनी. याच मालिन यांनी १९६९ साली मुलांच्या बुद्धिमापनाची एक कसोटीही भारतीय मुलांसाठी बेतली. त्याआधी धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बिने यांची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली होती, तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० सालचं. या कसोट्या देशभर अजून वापरात आहेत, आणि त्या आपल्या माणसांनी केल्या याचा मला अभिमान आहे.

पण हीच प्रश्नावली घेऊन गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यातल्या एखाद्या अंगणात बसलं की पंचाईत सुरू होते. सात वर्षांचं माडिया आदिवासी पोर गुरं राखतं, धाकट्या बहिणीला काखेत घेऊन नदीवर जातं, मासे धरायचा सापळा लावतं, जंगलातून संध्याकाळी बरोबर घरी येतं. यातल्या कशालाही श्रेणीत गुण नाहीत. टेलिफोनला आहेत. ज्या गावात परवापरवापर्यंत टेलिफोनची तारही आली नव्हती तिथल्या आईला हा प्रश्न विचारायचा आणि ती 'नाही' म्हणाली की चौकटीत फुली मारायची, असं आमचं शास्त्र.

मी पेशाने ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार करणारी. वडील वनखात्यात होते, त्यामुळे लहानपण आलापल्लीच्या क्वार्टरमध्ये सागाच्या ओंडक्यांच्या वासात गेलं; शिक्षण नागपूरला, मेडिकलच्या आवारात. आता निवृत्त आहे. पावसाळा संपला की हेमलकसा-भामरागड भागात येऊन राहते आणि जी शाळा बोलावील तिथे जाऊन शिक्षकांना, अधीक्षकांना, स्वयंपाक्यांना आमचं काम शिकवते. आमच्या धंद्याचा इतिहास मुंबईकडून सांगायची रीत आहे. पहिली संस्था, पहिला अभ्यासक्रम, पहिली पदवी. तो खरा आहे आणि मीही सांगणार आहे. पण हेमलकशात बसून सांगितला की त्याच्यातली भोकं दिसतात.

भारतात ऑक्युपेशनल थेरपी आणली ती कमला निंबकरांनी. मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या क्वेकर घरातल्या. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या मुंबईला आल्या आणि इथल्याच झाल्या. आधी त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं, मग चाळिशी उलटल्यावर फिलाडेल्फियाला जाऊन हे शास्त्र शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात शाळा काढली. १९५२ साली देशभरातल्या थेरपिस्टांची संघटना उभी केली, १९५८ साली नागपूरच्या मेडिकलमध्ये दुसरी शाळा. मी त्याच शाळेची विद्यार्थिनी. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी काढलेल्या मराठी शाळेला कमला निंबकरांचं नाव आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं. शाळेपासून सुरू झालेली ही बाई पुढे दवाखान्यात रमली. तिच्यामागून आलेल्या आम्ही सगळ्याजणी मात्र दवाखान्यातच जन्मलो आणि शाळेत जायचं विसरलो.

हे मी टोचून म्हणते आहे. आम्हाला शिकवलं ते काय? पोलिओचा पाय, अर्धांगवायूचा हात, कुष्ठरोगात वाकडी झालेली बोटं, भाजल्यानंतर आखडलेले सांधे. उत्तम शिकवलं. पण मूल वर्गात फळ्याकडे तोंड करून बसतं, त्याला सतरंजीवर सहा तास मांडी घालावी लागते, पेन्सिल धरावी लागते, मधल्या सुट्टीत घोळक्यातून नळाकडे जावं लागतं, यातलं आमच्या तासांना काही येत नसे. पेशंट आमच्याकडे यायचा. आम्ही कुणाकडे जायचो नाही. पास झाल्यावर वर्गातल्या बऱ्याचजणी अमेरिकेला गेल्या. तिकडच्या शाळांत भारतीय थेरपिस्टांना मागणी होती. म्हणजे नागपूरच्या सरकारी पैशाने शिकलेली मुलगी तिकडच्या एखाद्या गावच्या शाळेत मुलाची पेन्सिल धरायची पद्धत सुधारत होती आणि भामरागडचं पोर फळ्याला पाठ करून बसत होतं. त्यांना दोष देत नाही. इथे शाळेत थेरपिस्टची जागाच नव्हती, तर त्या जाणार कुठे?

बाकीच्या शाखांचंही तसंच. मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास सुरू झाली, देशातली पहिली. विसावं शतक उजाडताना अंधांच्या शाळा आल्या. १९४४ साली जय वकील शाळा, १९६४ साली पुण्यात कामायनी. या शाळांतले शिक्षक बहुतेक शाळेतच घडले, जुन्याने नव्याला शिकवावं तसे. वाचा आणि श्रवण यांचा पदवी अभ्यासक्रम नायर रुग्णालयात १९६६ साली आला. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली, तिथे मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी शिक्षक आणि थेरपिस्ट एका छपराखाली आले. माझ्या लेखी ते खरं वळण. ही सगळी नावं नकाशावर मांडून पाहा, एकूण एक रेल्वेच्या रुळाला लागून आहेत. गडचिरोली जिल्ह्यात कित्येक वर्षं रेल्वे म्हणजे देसाईगंज-वडसा, एवढंच. तिथून भामरागड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक.

आमच्या बाजूला आशेची जागा होती ती वरोऱ्याचं आनंदवन. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ सालची. कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेल्या त्या माळरानावर १९६६ साली अंधांची शाळा निघाली, पुढे मूकबधिरांची, अपंगांना हातचा धंदा शिकवणारं संधिनिकेतन. चंद्रपूर जिल्ह्यातलं दृष्टी नसलेलं, ऐकू न येणारं पोर तिथेच पाठवायचं हा शिरस्ता पडला. गडचिरोली तेव्हा चंद्रपुरातच होता. वेगळा जिल्हा झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये. आनंदवनाने या मुलांना जे दिलं ते कुणीच दिलं नसतं. तरी एक गोष्ट सांगायला हवी. ऐकू न येणारं माडिया पोर अडीचशे किलोमीटरवर जाऊन खुणांची भाषा शिकतं आणि सुट्टीत गावी येतं, तेव्हा त्या खुणा गावात कुणालाच कळत नाहीत. आईला तर नाहीच. आईच्या घरगुती खुणा ते विसरलेलं असतं. तज्ज्ञ जिथे आहे तिथे मूल न्यायचं, ही पद्धत अशी अर्ध्यावर अडते.

बाबांचं दुसरं पाऊल याच्या उलट होतं. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि नागपूरच्या मेडिकलमध्ये शल्यचिकित्सेचं पुढचं शिक्षण घेणारे डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे या जंगलात येऊन राहिले. सुरुवातीच्या रुग्णांत एक मिरगीचा होता, फिट येऊन शेकोटीत पडलेला, भाजलेला. हा किस्सा बहुतेकांना डॉक्टरांच्या धैर्याची गोष्ट म्हणून ठाऊक आहे. मला त्यात मिरगी दिसते. मिरगीचं मूल शाळेत बसवायचं कसं, त्याला आगीपासून आणि नदीपासून राखायचं कसं, फिट आल्यावर वर्गातल्या बाकीच्यांनी काय करायचं, हा आमच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा व्हायला हवा होता.

१९७६ साली हेमलकशाला आश्रमशाळा सुरू झाली. गोपाळ फडणीस, विलास मनोहर अशी माणसं होती. मुलं पळून जायची, पुन्हा आणायची. शिक्षकांना माडिया येत नव्हती, मुलांना मराठी येत नव्हती, मग आधी शिक्षक विद्यार्थी झाले. हात दाखवायचा, शब्द ऐकायचा, वहीत लिहायचा. हल्ली पर्यटक येतात, प्रकल्पातल्या प्राण्यांपैकी बिबळ्या कुठे आहे विचारतात, फोटो काढतात आणि परत जातात. शाळेकडे वळणारे थोडे.

आश्रमशाळेची रचना मात्र आमच्या धंद्यातल्या माणसाने नीट पाहण्यासारखी आहे. मूल पहिलीत आलं की चोवीस तास तिथेच. शिकवायला शिक्षक, वसतिगृहाला अधीक्षक आणि अधीक्षिका, स्वयंपाकघरात स्वयंपाकी आणि कामाठी. पोराला एका कानाने ऐकू येत नाही हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? पंगतीत वाढणाऱ्या कामाठ्याला. 'आणखी भात हवा का' असं डावीकडून विचारलं तर पोर गप्प, उजवीकडून विचारलं तर ताट पुढे. कुणाचा पाय लंगडतो, कुणाला रात्री फिट येते, कुणाला अंधारात दिसत नाही, कोण घास गिळताना ठसकतो, हे सगळं अधीक्षिकेला आणि कामाठ्याला ठाऊक असतं. मी जिथे जिथे शिकवायला जाते तिथे पहिला तास स्वयंपाकघरात घेते. प्रशिक्षणाच्या सरकारी यादीत मात्र कामाठ्याचं नाव मी आजवर पाहिलेलं नाही.

आता सरकारी प्रशिक्षणाची कथा. १९७४ साली केंद्राने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना काढली, म्हणजे अशी मुलं साध्या शाळेत शिकावीत आणि त्यासाठी पैसे मिळावेत. योजना आधी समाजकल्याणाकडे होती, १९८२ साली शिक्षण खात्याकडे आली. १९८७ साली युनिसेफच्या मदतीने देशातल्या दहा निवडक ठिकाणी एक प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्रही होता. त्या प्रयोगाने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे तीन मजले बांधले. तळमजल्यावर सगळे शिक्षक, त्यांना आठवडाभराची तोंडओळख. मधल्या मजल्यावर दहातला एक शिक्षक, त्याला सहा आठवडे. वरच्या मजल्यावर प्रत्येक गटातले आठ-दहा शिक्षक, त्यांना पूर्ण वर्ष. कल्पना शहाणपणाची होती. अमलात आली तिथे पटावरची मुलं टिकली.

पुढे ही मांडणी सगळीकडे गेली, पण जसजसं जंगल जवळ आलं तसतसे वरचे मजले गळत गेले. नव्वदच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात गडचिरोली होतं. २००१ साली सर्व शिक्षा अभियान. योजना बदलल्या, पाट्या रंगवल्या गेल्या, भामरागडच्या वाट्याला राहिला तो तळमजला. आठवड्याचा पाच दिवस झाला, पाचाचा तीन. असल्या शिबिरांत मी साधनव्यक्ती म्हणून बसलेली आहे, तेव्हा आतलं सांगू शकते. पहिला दिवस नावनोंदणी, चहा, उद्‌घाटन आणि कायद्यातली कलमं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचा खेळ. सगळे हसतात, दोघं-तिघं भिंतीवर आपटतात. ब्रेलचे सहा ठिपके फळ्यावर काढतात, खुणांच्या भाषेतली मुळाक्षरं करून दाखवतात. तिसऱ्या दिवशी दुपारी बसची वेळ होते म्हणून प्रमाणपत्रं जेवणाआधी वाटतात. शिक्षक परत जातो आणि त्याच्या वर्गातलं ते एक मूल, ज्याच्यासाठी त्याला बोलावलं होतं, शिबिरात एकदाही आलेलं नसतं. मूल समोर नसताना थेरपी शिकवणं म्हणजे नदीकाठी बसून पोहण्यावर व्याख्यान देणं.

दरम्यान दिल्लीत प्रमाणपत्राचा कायदा झाला. भारतीय पुनर्वास परिषद १९८६ सालची, तिला कायद्याचा आधार १९९२ साली मिळाला आणि २२ जून १९९३ पासून तो लागू झाला. त्यानंतर परिषदेच्या नोंदवहीत नाव नसेल तर विशेष शिक्षक, वाचातज्ज्ञ वगैरे म्हणून काम करता येत नाही. भोंदूगिरी रोखायला हे हवंच होतं. शॉक देऊन मुकं मूल बोलतं करणारे मी पाहिलेत. पण त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे एक मोठा वर्ग लटकला. वर्षानुवर्षं अंध किंवा मतिमंद मुलांना शिकवलेली, हातात कागद नसलेली माणसं. त्यांच्यासाठी परिषदेने जोडअभ्यासक्रम काढला, महिन्याभराचा. अनुभव आधी आणि शिक्कामोर्तब मागून, असं सरकारी पातळीवर मान्य झालेलं मला आठवतं ते एवढंच उदाहरण. कामाठ्याचा विचार तेव्हाही झाला नाही.

सर्व शिक्षा अभियानात गट साधन केंद्रावर विशेष शिक्षक आले. करारावर, मानधनावर, दर वर्षी नव्या आदेशाची वाट पाहत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एका माणसाकडे अख्खा गट. मोटारसायकलवर फिरायचं, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच तुटतं, मग पलीकडची गावं सोडून द्यायची. घरी पडून असलेल्या मुलाकडे जाऊन गृहाधारित शिक्षण द्यायचं. तपासणी शिबिराला मुलं गोळा करायची, कानपूरहून आलेलं साहित्य वाटायचं. तीनचाकी सायकल घेऊन आनंदाने घरी गेलेला मुलगा मी पाहिला आहे, आणि ती सायकल गावाच्या पहिल्याच नाल्याशी उलटी पडलेलीही पाहिली आहे. डांबरी रस्त्यासाठी केलेली वस्तू ती. त्या शिक्षकाला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, यादीत हेच होतं. मी म्हटलं, बांबूची घोडी द्या. तर म्हणे, यादीत नाही."

बांबूची गोष्ट निघाली म्हणून डेव्हिड वर्नर यांचं नाव घेते. स्वतः स्नायू झिजत जाणाऱ्या आजाराने पायांनी अधू असलेला हा अमेरिकन माणूस मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत राहिला. तिथल्या अपंग गावकऱ्यांनीच चालवलेला पुनर्वसनाचा एक प्रकल्प त्याने उभा केला आणि १९८७ साली खेड्यातल्या अपंग मुलांवर एक जाडजूड सचित्र पुस्तक लिहिलं. दोन बांबू खुंट्यांवर बांधून चालायच्या दांड्या कशा करायच्या, कोपऱ्यात बसायची मुलाची खुर्ची मातीची कशी लिंपायची, चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड कसा करायचा, सगळं चित्रांत. नागपूरच्या अभ्यासक्रमाने जे शिकवलं नाही ते मी त्या पुस्तकातून शिकले. भामरागडला बांबू विकत घ्यावा लागत नाही आणि तो विणणारे हात घरोघर आहेत. खुर्चीचं माप तेवढं सांगावं लागतं: गुडघा नव्वद अंशांत, पावलं जमिनीला टेकलेली, पाठ सरळ. मोजायला पट्टीही लागत नाही, मुलाच्याच वितीने होतं.

मे महिन्यातली एक दुपार सांगते. शाळा बंद, तेंदूचा हंगाम सुरू. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, मेंदूचा मलेरिया होऊन वाचलेला. या भागात हे नवीन नाही. मलेरिया मेंदूत गेला की जीव वाचला तरी मागे काहीतरी राहतं, कधी फिट, कधी लुळेपणा, कधी गेलेली वाचा. याची उजवी बाजू कमजोर झाली होती. हात कोपरात मुडपून छातीशी, मूठ बंद. मी आणि गावच्या शाळेतला माडिया शिक्षक त्याच्या घरी गेलो तेव्हा तो आजीबरोबर अंगणात बसून तेंदूची पुडकी बांधत होता. सत्तर पानांचं एक पुडकं. निम्मी पानं एका बाजूला, निम्मी उलट तोंडाने. देठ सारखे करायचे. मग सालीच्या दोरीने बांधायचं. आजी पानं मोजून देत होती. पोराने उजवी मूठ कशीबशी उघडून पुडकं मांडीशी दाबून धरलं होतं आणि डाव्या हाताने दोरी फिरवत होता. पानं घसरली की आजी पुन्हा मोजायला लावायची. मी शिक्षकाकरवी विचारलं, याचा हात दुखत नाही का? आजीने माझ्याकडे पाहिलं आणि ती जे बोलली ते शिक्षकाने असं सांगितलं: "एका हाताने पुडकं बांधता येत असेल तर बाईंनी बांधून दाखवावं."

दोन्ही हात लागतीलच असं काम निवडायचं, ते मुलाच्या रोजच्या जगण्यातलं असावं, शंभर वेळा घडावं, आणि त्याचा मोबदला मुलाला दिसावा. अर्धांग झालेल्या मुलांच्या हातांवर अलीकडे जे शोधनिबंध निघतात त्यांचं सार याहून वेगळं नाही. मोजणी आली, सत्तरपर्यंत. ओळीत लावणं आलं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात तिथे, जाऊन पुडकी मोजून द्यायची, तिथे चार माणसांत बोलणं आलं. मी त्या दिवशी एवढंच केलं की पुडकं मांडीऐवजी छोट्या पाटावर ठेवायला सांगितलं, म्हणजे खांदा वर उचलला जाणार नाही. शिक्षकाने वहीत पाटाचं चित्र काढून घेतलं.

तो माडिया शिक्षक नसता तर मी काय केलं असतं? आजीशी एक वाक्य बोलू शकले नसते. भाषेचा प्रश्न इथे शोभेचा नाही, निदानाचा आहे. माडिया ही द्राविड कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. तिच्यात वाढलेलं मूल पहिल्या वर्षी 'भात'ला 'बात' म्हणालं तर मुंबईहून आलेली वाचातज्ज्ञ ते उच्चारदोषाच्या रकान्यात लिहील. मराठी वर्गात वर्षभर गप्प बसलेलं मूल मुकं आहे, मंद आहे, घाबरलेलं आहे की फक्त परक्या भाषेत बुडालेलं आहे, हे ठरवायला त्याच्या घरची भाषा येणारा माणूस लागतो. दुसरा इलाज नाही. माडिया गोंड ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे, पण त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या वाचातज्ज्ञाला भेटायचं भाग्य मला अजून लाभलेलं नाही.

कायदे पुढे जात राहिले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात सिकलसेल आला, आणि आमच्या भागासाठी ही मोठी गोष्ट आहे. सिकलसेलच्या मुलाला वरचेवर शाळा बुडवावी लागते आणि कधी त्या वयात मेंदूचा झटकाही येतो. २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात शाळा-अंगणवाड्यांत फिरून मुलं तपासणारी पथकं आली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी थेरपिस्ट असलेलं केंद्र नेमलं गेलं. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा. २०२२ साली राज्याने दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं काढलं. २०२४ साली केंद्रशाळांच्या पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर झाली. चांगलंच झालं. पण आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, विशेष शिक्षक शालेय शिक्षणाचे, विशेष शाळा दिव्यांग कल्याणाच्या, तपासणी पथक आरोग्याचं. आश्रमशाळेतलं पोर या चौघांचं आहे, म्हणजे कुणाचंच नाही. आणि पदं मंजूर झाली तरी भरायची कुणाला? मराठवाड्यातला, पश्चिम महाराष्ट्रातला पात्र उमेदवार भामरागडला रुजू होतो आणि त्याच दिवशी बदलीचा अर्ज लिहायला घेतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

गावच्या माणसाला अवघड कौशल्य जमत नाही, असा आक्षेप मला दिल्लीपासून गडचिरोलीपर्यंत ऐकायला मिळाला आहे. त्याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शिकवलेल्या, पाच-दहा यत्ता शिकलेल्या आरोग्यदूत बायकांनी जन्मताच न रडणाऱ्या बाळाला घरच्या घरी श्वास दिला आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. हेमलकशाच्या दवाखान्यानेही गावातलीच पोरं तयार करून आसपासच्या केंद्रांवर बसवली. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं ज्या हाताला जमतं, त्या हाताला मुलाची मान सावरून घास भरवणं जमणार नाही?

विशेष शिक्षणाच्या पदविकेला बारावी लागते, मुदत दोन वर्षं. हेमलकशाच्या शाळेतून बारावी होऊन माडिया मुलं-मुली दर वर्षी बाहेर पडतात. त्यांच्यासाठी भामरागडला किंवा अहेरीला एक तुकडी काढा, वीस जणांची. शिकवण्याची भाषा मराठी, कामाची माडिया. सराव आश्रमशाळेत आणि घरोघर; सराव शाळेची इमारत अमुक चौरस फुटांची हवी, ही अट या एका ठिकाणी शिथिल करा. कामाठी आणि अधीक्षिका यांच्यासाठी त्यातच तीन महिन्यांचा वेगळा वर्ग ठेवा आणि त्याचं प्रमाणपत्र पगाराला धरा. ८९ प्रश्नांच्या श्रेणीला माडिया रूप देण्याचं काम हीच मुलं करतील, आणि नागपूरच्या विद्यापीठाने त्याला मदत करावी. पुनर्वास परिषदेच्या किंवा आदिवासी विकासाच्या कुठल्या समितीवर तुम्ही असाल, किंवा असणाऱ्याला ओळखत असाल, तर हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा आणि पहिल्या वर्षाचं वेळापत्रक मी तयार ठेवलं आहे. मागितलं की पाठवते.